श्वसन म्हणजे नेमकं काय, आणि त्याचे प्रकार किती?

श्वसनाचे प्रकार किती, हे चार पुस्तकांत शोधलं तर चार उत्तरं मिळतात. एक म्हणतं दोन: ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन. दुसरं बाह्य, अंतर्गत आणि पेशीय असे तीन सांगतं. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात त्वचा, कल्ले, श्वासनलिका आणि फुप्फुसं अशी यादी असते. व्यायाम शिकवणारे छातीचा श्वास आणि पोटाचा श्वास असा भेद करतात. यातलं कुठलंच उत्तर चूक नाही. प्रत्येकानं वेगळा प्रश्न विचारून वर्गवारी केलेली असते. श्वसन शरीरात कुठे चाललंय, कोणत्या अवयवानं होतंय, त्याला ऑक्सिजन लागतो की नाही, आणि हवा आत-बाहेर करायला कोणते स्नायू राबतात, असे ते चार प्रश्न आहेत. ते वेगवेगळे ठेवले की पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

सगळ्यात आधी एक फरक पक्का करायला हवा. नाकातून हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं हा श्वासोच्छ्वास. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात मोकळी करणं हे श्वसन. पहिलं काम छातीत चालतं आणि ते यांत्रिक आहे. दुसरं जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीत चालतं आणि ते रासायनिक आहे. जीवाणूला नाक नाही, फुप्फुस नाही, तरी तो श्वसन करतो. झाडाचं पानही करतं आणि मातीत रुजणारं बीही करतं. श्वासोच्छ्वास ही आपल्यासारख्या मोठ्या शरीराच्या प्राण्यांना लागणारी वाहतूक व्यवस्था आहे. पेशी पृष्ठभागापासून फार खोल असतील तर हवा आपोआप झिरपून तिथवर पोहोचत नाही, ती नेऊन द्यावी लागते.

नाकापासून पेशीपर्यंतचे टप्पे

पहिला टप्पा हवा आत ओढण्याचा. फुप्फुसाला फुगवणारा स्वतःचा स्नायू नसतो, ते स्वतः फुगत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला स्नायू असतो, तो म्हणजे श्वासपटल. तो आकुंचन पावला की घुमट सपाट होऊन खाली सरकतो. शांत श्वासात ही हालचाल एक-दीड सेंटिमीटरच असते, खोल श्वासात ती दहा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्यांना वर आणि बाहेर उचलतात. छातीची पोकळी मोठी झाली की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत येते. श्वास सोडताना, निदान आरामात असताना, काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल पडतात आणि ताणलेलं फुप्फुस स्वतःच्या लवचिकपणामुळे आकसतं.

फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटून राहतं, कारण दोन्हींमधल्या पातळ फटीत दाब नेहमी बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. बरगडी मोडून किंवा फुप्फुसाला छिद्र पडून त्या फटीत हवा शिरली तर हा धरून ठेवणारा दाब जातो आणि ते फुप्फुस मिटतं. छाती कितीही जोरात हलवली तरी मग त्या बाजूला पुरेशी हवा भरत नाही.

दुसरा टप्पा वायूंच्या देवाणघेवाणीचा. श्वासनलिका फांद्या फोडत जाते आणि शेवटी वायुकोश नावाच्या सूक्ष्म फुग्यांत संपते. दोन्ही फुप्फुसांत मिळून हे वायुकोश तीस ते पन्नास कोटी असतात आणि ते सगळे पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं (अतिसूक्ष्म रक्तवाहिनीतलं) रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. इथे कुठलाही पंप नाही. वायू जिथे जास्त दाबानं आहे तिथून कमी दाबाकडे आपसूक सरकतो, याला विसरण म्हणतात. वायुकोशात ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणाच्या एकूण दाबातला त्या एका वायूचा वाटा) सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो आणि तिथे येणाऱ्या रक्तात सुमारे ४०. कार्बन डायऑक्साइडचा रक्तात ४५ आणि वायुकोशात ४०. तांबडी रक्तपेशी या केशवाहिनीतून साधारण पाऊण सेकंदात निघून जाते, पण ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्यातला एक तृतीयांश वेळ पुरतो. उरलेला वेळ ही राखीव सवलत. म्हणूनच फुप्फुसाच्या काही आजारांत पडदा जाड झाला तरी बसल्या जागी माणसाला त्रास जाणवत नाही. जिना चढला की रक्ताचा वेग वाढतो, सवलत संपते आणि धाप लागते.

फुप्फुसातल्या या देवाणघेवाणीला बाह्य श्वसन म्हणतात. हीच देवाणघेवाण उलट दिशेनं रक्त आणि ऊती यांच्यात होते, ते अंतर्गत श्वसन. मधल्या प्रवासात ऑक्सिजन जवळजवळ सगळा, सुमारे ९८ टक्के, तांबड्या रक्तपेशींतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाला बांधून जातो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं, म्हणजे निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आरामात असताना ऊती त्यातला फक्त ५ मिलिलिटर उतरवून घेतात. राबणारा स्नायू गरम आणि आम्लयुक्त होतो. त्या वातावरणात हिमोग्लोबिनची पकड सैल पडते आणि तिथे जास्त ऑक्सिजन सुटतो. जिथे गरज तिथे पुरवठा, तोही वरून कुणी हुकूम न देता.

कार्बन डायऑक्साइड वेगळ्या वाटेनं परततो. त्याचा मोठा भाग, सुमारे ७० टक्के, बायकार्बोनेटच्या रूपात विरघळून येतो, काही हिमोग्लोबिनला चिकटून आणि थोडा तसाच विरघळलेला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल तयार करतो. त्यामुळे श्वासोच्छ्वास हे शरीराचं आम्ल-अल्क संतुलन राखण्याचंही साधन ठरतं.

हिमोग्लोबिनची एक दुखरी बाजू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत कोळसा जळत असेल किंवा इंजिन चालू असेल तर हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर अशा वेळी फसतं. कार्बन मोनॉक्साइडनं व्यापलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजननं भरल्यासारखंच दिसतं आणि आकडा चांगला येतो. अशा खोलीतल्या माणसाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर आकडा बघत न बसता त्याला आधी मोकळ्या हवेत न्यावं.

श्वासाचा हिशेब: उथळ श्वास का पुरत नाही

हा भाग बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकतात, आणि खरं तर इथेच सगळ्यात व्यवहारी गोष्ट आहे. प्रौढ माणूस आरामात असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो आणि एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते. ती सगळी वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांत जवळपास १५० मिलिलिटर हवा अडकून राहते. तिथे देवाणघेवाण होत नाही, ती नुसती ये-जा करते. प्रत्येक श्वासावर हा ठरलेला कर बसतो.

आता गणित करू. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिलिलिटर, म्हणजे एकूण ६ लिटर हवा आत गेली. प्रत्येक श्वासातले १५० वजा केले की वायुकोशांना ४.२ लिटर मिळाली. आता तोच माणूस घाबरून उथळ श्वास घेऊ लागला, मिनिटाला २४ आणि प्रत्येकी २५० मिलिलिटर. एकूण हवा तेवढीच, ६ लिटर. वायुकोशांना मात्र २.४ लिटरच मिळाली. श्वासांची संख्या दुप्पट झाली, मेहनत वाढली आणि ताज्या हवेचा पुरवठा जवळपास निम्म्यावर आला. श्वास आणखी उथळ होऊन १५० मिलिलिटरवर आला तर कागदावरच्या हिशेबानं वायुकोशांना शून्य. धाप लागलेल्या माणसाला ‘सावकाश, खोल श्वास घे’ म्हणतात त्यामागे हे साधं अंकगणित आहे.

श्वास सोडल्यावर फुप्फुस रिकामं होत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. शांतपणे श्वास सोडल्यानंतर आत सव्वादोन लिटरच्या आसपास हवा शिल्लक असते आणि जोर लावून सगळा श्वास बाहेर काढला तरी सुमारे १.२ लिटर उरतेच. प्रत्येक श्वासागणिक आतल्या हवेचा सातवा भागच बदलतो. हे सोयीचं आहे. दोन श्वासांच्या मध्ये रक्तातला ऑक्सिजन वर-खाली होत नाही आणि घास गिळताना किंवा बोलताना श्वास क्षणभर थांबला तरी काही बिघडत नाही.

आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो. बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन १६ च्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइड ४ च्या. म्हणजे ‘ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर’ हे वाक्य अर्धवटच खरं आहे. बाहेर सोडलेल्या हवेतही भरपूर ऑक्सिजन असतो, म्हणून तर तोंडाला तोंड लावून कृत्रिम श्वास देता येतो. उंच डोंगरावरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि विसरणाला लागणारा धक्का खूप कमी होतो.

श्वास घ्यावासा का वाटतो

श्वास रोखून धरला की काही वेळानं छातीत घुसमट होते. ऑक्सिजन संपत आला म्हणून असं होतं, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ती घुसमट मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत श्वासाची लय ठरते आणि तिथली केंद्रं कार्बन डायऑक्साइडमुळे वाढणारी आम्लता सतत मोजत असतात. ऑक्सिजनकडे लक्ष ठेवणारे संवेदक मानेतल्या मोठ्या धमन्यांपाशी असतात, पण ते जोरात ओरडतात ते रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली घसरल्यावर.

या रचनेतून एक जीवघेणी चूक घडते. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून काही जण बुडी मारण्याआधी दहा-वीस जोरदार श्वास घेतात. त्यामुळे जास्तीचा ऑक्सिजन साठतो असा समज असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. मग पाण्याखाली घुसमटीची सूचना उशिरा येते, तोवर ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली गेलेला असतो आणि पोहणारा काही जाणवायच्या आत शुद्ध हरपतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही असे मृत्यू झाले आहेत.

घाबरल्यावर होणाऱ्या अतिश्वासाचीही हीच गोष्ट, फक्त जमिनीवर. कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, चक्कर येते, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात. माणसाला वाटतं हवा कमी पडतेय आणि तो आणखी जोरात श्वास घेतो. अशा वेळी कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी पद्धत आता टाळतात. त्रास खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर पिशवीतली ऑक्सिजन कमी झालेली हवा घातक ठरते.

पेशीच्या आत: खरं श्वसन

पेशीला मिळालेलं ग्लुकोज एकदम जळत नाही. तसं झालं असतं तर ऊर्जा सगळी उष्णतेत गेली असती. ते पायरीपायरीनं फोडलं जातं आणि सुटणाऱ्या ऊर्जेतून एटीपी नावाचा रेणू बनतो. स्नायू आकसणं असो, मज्जातंतूतला संदेश असो की नवं प्रथिन बनवणं असो, पेशीचे बहुतेक सगळे व्यवहार एटीपीच्या नाण्यांत चालतात.

पहिली पायरी पेशीद्रव्यात होते, तिला ग्लायकोलायसिस किंवा ग्लुकोज-विघटन म्हणतात. दहा टप्प्यांत सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. सुरुवातीला दोन एटीपी खर्च होतात, पुढे चार मिळतात, निव्वळ नफा दोन. इथे ऑक्सिजनचा काहीही संबंध नाही.

दुसरी पायरी तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म भागात. पायरुविक आम्लातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड बनून निघून जातो आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा एका चक्रात शिरतो. हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये या चक्राची मांडणी केली, म्हणून ते क्रेब्स चक्र. त्यासाठी त्यांना १९५३ चं नोबेल मिळालं. चक्रातून उरलेले कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात आणि ग्लुकोजमधले ऊर्जावान इलेक्ट्रॉन वाहक रेणूंवर चढवले जातात.

तिसरी पायरी तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर. तिथे प्रथिनांची साखळी असते. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात आणि त्या ऊर्जेवर हायड्रोजनचे आयन पटलाच्या एका बाजूला साठवले जातात. ते आयन परत येताना एका फिरत्या प्रथिनातून येतात आणि एटीपी तयार होतो. साखळीच्या अगदी शेवटी, वापरून झालेले इलेक्ट्रॉन स्वीकारायला ऑक्सिजन उभा असतो. इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन घेऊन तो पाणी बनतो.

इथे थोडं थांबावं. आपण आत घेतलेला ऑक्सिजन कार्बनला जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड होतो, असं जवळपास सगळे धरून चालतात. ते तसं नाही. कार्बन डायऑक्साइडचे सहाही रेणू ऑक्सिजनचं काम सुरू होणाऱ्या पायरीच्या आधीच सुटलेले असतात. त्यांतला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि पाण्यातून आलेला असतो. श्वासातला ऑक्सिजन मात्र पाणी होतो. त्याचं काम साखळीचं शेवटचं टोक मोकळं ठेवणं एवढंच. ते टोक तुंबलं की मागचं सगळं तुंबतं आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. सायनाइड हेच करतं. साखळीतल्या शेवटच्या प्रथिनाला ते अडवतं, त्यामुळे रक्त ऑक्सिजननं भरलेलं असूनही पेशी त्याचा वापर करू शकत नाहीत.

एका ग्लुकोजपासून तिन्ही पायऱ्या मिळून किती एटीपी बनतात? जुन्या पुस्तकांत ३८ हा आकडा आहे. आताचा अंदाज ३० ते ३२ चा, कारण आयनांची काही गळती होते आणि रेणू तंतुकणिकेत आत-बाहेर नेण्यातही ऊर्जा खर्च होते. परीक्षेत ३८ लिहायला सांगितलं असेल तर तो पूर्ण क्षमतेचा कागदी हिशेब आहे, एवढं ध्यानात ठेवावं. ग्लुकोजमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग एटीपीत जातो, बाकीची उष्णता. आपलं अंग गरम असतं ते यामुळेच.

ऑक्सिजन नसेल तेव्हा

वर सांगितलेलं सगळं ऑक्सिश्वसन. ऑक्सिजन नसेल किंवा अपुरा पडत असेल तर पेशी पहिल्याच पायरीवर अडकते, दोन एटीपीवर. पण तिथेही एक अडचण असते. ग्लायकोलायसिसमध्ये वाहक रेणू इलेक्ट्रॉननं भरतात. ते कुठेतरी रिकामे केले नाहीत तर ती पायरीही थांबेल. म्हणून पेशी तेच इलेक्ट्रॉन पायरुविक आम्लावर परत ओतते. आपल्या स्नायूंत त्यातून लॅक्टिक आम्ल बनतं. यीस्टमध्ये इथेनॉल (अल्कोहोल) आणि कार्बन डायऑक्साइड बनतात, त्या वायूनं मळलेलं पीठ फुगतं. या शेवटच्या टप्प्यात नवी ऊर्जा मिळत नाही, फक्त वाहक मोकळे होतात. त्याला किण्वन म्हणतात.

शालेय पुस्तकं किण्वनालाच विनॉक्सिश्वसन म्हणतात आणि त्या पातळीवर ते चालून जातं. काटेकोरपणे पाहिलं तर दोन्ही वेगळे. दलदलीतल्या काही जीवाणूंत इलेक्ट्रॉनची साखळी पूर्ण असते, तिच्या टोकाला ऑक्सिजनऐवजी नायट्रेट किंवा सल्फेट उभा असतो. खरं विनॉक्सिश्वसन ते. चिखल ढवळल्यावर येणारा सडक्या अंड्यासारखा वास सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूंचा.

आपल्या शरीरातही ऑक्सिजनशिवाय चालणारं काम सतत सुरू असतं. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच नसतात. ज्या पेशी ऑक्सिजन वाहून नेतात त्या स्वतः त्यातला कणही वापरत नाहीत, त्या आयुष्यभर ग्लायकोलायसिसवर जगतात. जोरात धावताना स्नायूंतला तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपतो, क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूंतला ऊर्जेचा राखीव साठा दहा सेकंदांच्या आसपास साथ देतो, आणि त्यानंतर एक-दोन मिनिटं लॅक्टिक आम्लाच्या वाटेवर मोठा भार पडतो. थांबल्यावरही बराच वेळ धाप चालू राहते, कारण हा सगळा साठा भरून काढायचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणाऱ्या स्नायूंचं खापर मात्र लॅक्टिक आम्लावर फोडू नये. ते तासाभरात रक्तातून निघून जातं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं आणि हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. उशिरा येणारं दुखणं स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचं असतं.

अवयव बदलतात, तत्त्व तेच

पाण्यातला प्राणी, किडा आणि झाड यांच्या पेशींत चाललेलं रसायन जवळपास एकच. फरक आहे तो ऑक्सिजन तिथवर नेण्यात. पृष्ठभाग पातळ हवा, ओला हवा आणि शरीराच्या मानानं मोठा हवा, एवढ्या तीन अटी सगळ्यांना लागू आहेत. गांडूळ त्वचेतून श्वसन करतं, त्वचा वाळली की ते गुदमरतं. बेडूक फुप्फुसं, तोंडाच्या आतलं अस्तर आणि त्वचा, तिन्ही वापरतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो तर एक लिटर पाण्यात जेमतेम ५ ते १०. म्हणून माशाच्या कल्ल्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेनं वाहतं, त्यामुळे पाण्यातला बहुतांश ऑक्सिजन काढून घेता येतो. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या झालरी एकमेकींना चिकटतात, पृष्ठभाग संपतो आणि भोवती ऑक्सिजन भरपूर असताना मासा मरतो. बहुतेक कीटकांचं रक्त ऑक्सिजन वाहतच नाही. झुरळाच्या अंगावर छिद्रांच्या दहा जोड्या असतात, त्यांतून निघालेल्या नळ्या थेट पेशींपर्यंत हवा नेतात.

वनस्पतींबद्दल दोन गैरसमज चिवट आहेत. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, हा पहिला. श्वसन दिवसरात्र चालतं, दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे ते झाकलं जातं. झोपायच्या खोलीत कुंडी ठेवली तर रात्री ती आपला ऑक्सिजन खाते, हा दुसरा. खोलीत झोपलेला दुसरा माणूस त्या कुंडीच्या कितीतरी पट जास्त खातो.

मुळांचं श्वसन मात्र कुंडी सांभाळणाऱ्यानं नीट समजून घ्यावं. मुळं मातीच्या कणांमधल्या हवेतून ऑक्सिजन घेतात. जास्त पाणी घातलं की त्या जागा पाण्यानं भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मुळं किण्वनावर येतात, ऊर्जा अपुरी पडते, मुळं कुजतात आणि पाणी शोषणं थांबतं. पानं माना टाकतात. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. पाणी घालण्याआधी बोट दोन-तीन सेंटिमीटर मातीत खुपसून पाहावं, ओल लागली तर थांबावं.

घरी करून पाहण्यासारखं

चमचाभर विरलेला चुना एक लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्यावी. नळीनं तिच्यात फुंकलं की ती दुधाळ होते. आणखी फुंकत राहिलं तर पुन्हा स्वच्छ होते, कारण तयार झालेलं कार्बोनेट बायकार्बोनेट होऊन विरघळतं. अनेकांना इथे प्रयोग फसल्यासारखा वाटतो. नळीतून ओढू नये, निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि ती उघडी ठेवू नये. हवेतल्याच कार्बन डायऑक्साइडनं तिच्यावर साय धरते.

पोटाचा श्वास शिकायचा तर गुडघे दुमडून उताणं झोपावं. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकानं दोन-तीन सेकंद श्वास घ्यावा, पोटावरचा हात वर यायला हवा आणि छातीवरचा जवळपास स्थिर. ओठ शीळ घातल्यासारखे करून चार ते सहा सेकंदांत सोडावा. पाच मिनिटं पुरेत. नेहमीची चूक म्हणजे श्वास न घेता नुसतं पोट पुढे ढकलणं. दुसरी म्हणजे खोलपणाच्या नादात वेग वाढवणं, त्यानं चक्कर येते. ओठ अरुंद ठेवल्यानं वायुमार्गात थोडा दाब टिकून राहतो आणि बारीक नळ्या मिटत नाहीत, त्यामुळे जुनाट फुप्फुसविकार असलेल्यांना या पद्धतीचा विशेष उपयोग होतो.

श्वास मोजायचा तर त्या माणसाला न सांगता, पूर्ण एक मिनिट मोजावा. कळलं की लय बदलते, आणि पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. लहान मुलांत तर मूल शांत असतानाच मोजावं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षं ४० किंवा अधिक, हा खोकला-सर्दी झालेल्या मुलात वेगवान श्वास मानतात आणि न्यूमोनियाच्या शंकेनं डॉक्टरांना दाखवतात. मधुमेही माणूस धावपळ न करता खोल आणि भराभर श्वास घेऊ लागला तर दोष फुप्फुसात नसेलही. रक्तात आम्ल साठलेलं असू शकतं आणि शरीर कार्बन डायऑक्साइड फेकून ते कमी करू पाहत असतं. ओठ निळसर पडणं, एक वाक्य एका दमात पूर्ण न होणं, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जाणं, यातलं काहीही दिसलं तर श्वास मोजण्यात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा.